अर्जाआधीची परीक्षा

जून उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पाचवीच्या गुरुजींमागे नवोदय या केंद्राच्या निवासी शाळांच्या प्रवेशअर्जांचे काम लागते. अर्ज ऑनलाइन असतो आणि शाळेतले इंटरनेट आज असते, उद्या नसते. त्यामुळे काम गुरुजींच्या स्वतःच्या मोबाइलवरच होते. मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र, एवढे सगळे एकेका अर्जासाठी फोटो काढून चढवायचे. वर्गात बावीस मुले असतील तर गुरुजी एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, "चार-पाच हुशार पोरांचे भरून टाकू." त्या चार-पाचांत पोलीस पाटलांचा नातू असतो, अंगणवाडीताईंची मुलगी असते, रोज गृहपाठ आणणारा एखादा असतो. उरलेल्या सतरा जणांची परीक्षा तिथेच, दोन मिनिटांत, एकही प्रश्न न विचारता संपते.

हुशार मुलांसाठी चालवलेल्या शाळांचे प्रवेश न्याय्य असतात का, हा वाद पेटला की तो आरक्षण, कट-ऑफ आणि क्लासवाले यांच्याभोवती फिरतो. गुरुजींच्या या दोन मिनिटांवर कुणी बोलत नाही. खरे तर सगळ्यात जास्त मुले तिथेच गळतात. प्रश्नपत्रिका कितीही चोख असली तरी जी मुले तिच्यापर्यंत पोचतच नाहीत त्यांचे ती काही करू शकत नाही. पालकांना, शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला सुधारता येण्यासारखी जागाही हीच आहे, कारण तिला ना नवा कायदा लागतो, ना दिल्लीची परवानगी.

शिक्षकाच्या नजरेवर किती भरवसा ठेवावा, याचा एक जुना किस्सा मानसशास्त्रात आहे. अमेरिकेत लुइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील तल्लख मुले शोधायला घेतली. आधी शिक्षकांनी वर्गातली हुशार मुले सुचवायची आणि मग त्यांची बुद्धिचाचणी घ्यायची, अशी पद्धत होती. दीड हजारांहून अधिक मुले निवडली गेली आणि त्यांचा पुढे आयुष्यभर अभ्यास झाला. त्यांच्यातल्या एकालाही नोबेल मिळाले नाही. त्या शोधात तपासून नाकारलेल्या मुलांपैकी दोघांना मात्र मिळाले. विल्यम शॉकलीला १९५६ मध्ये आणि लुइस अल्वारेझला १९६८ मध्ये, दोघांनाही भौतिकशास्त्राचे. या दोघांना शिक्षकांनी नव्हे, चाचणीने गाळले होते हे खरे. पण शिक्षकांनी सुचवलेच नाही म्हणून चाचणीच्या दारापर्यंतही न पोचलेली किती होती, याची नोंद कोण ठेवणार?

अशी नोंद फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने नकळत ठेवली आणि ती प्रत्येक मुख्याध्यापकाने समजून घ्यावी अशी आहे. या मोठ्या शाळा-जिल्ह्यात निम्म्याहून जास्त मुले कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची. पण तिसरीच्या 'गिफ्टेड', म्हणजे विशेष हुशार ठरवलेल्या, मुलांत त्यांचा वाटा जेमतेम २८ टक्के होता. तोवरची रीत आपल्याकडच्यासारखीच होती. शिक्षक किंवा पालक मुलाचे नाव सुचवणार, मग शाळेचा मानसशास्त्रज्ञ त्याची बुद्ध्यंक चाचणी घेणार. ज्यांच्या खिशात पैसे असत ते पालक खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करवून आणत. २००५ मध्ये जिल्ह्याने एकच बदल केला. दुसरीतल्या प्रत्येक मुलाला, कुणी सुचवलेले असो वा नसो, आकृत्यांवर आधारलेली एक छोटी चाचणी वर्गातच द्यायला लावली. त्यात चमकलेल्यांना पुढची मोठी चाचणी दिली. उत्तीर्ण होण्याची अट होती तीच ठेवली, ती तसूभरही सैल केली नाही.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी हा बदल तपासला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. (कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते वेगळ्या कामासाठी.) गरीब घरांतल्या मुलांचे निवडीतले प्रमाण १८० टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे जवळजवळ तिपटीवर गेले होते. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची निवडही ठळकपणे वाढली होती. ही सगळी मुले आधीही त्याच वर्गांत, त्याच बाकांवर बसत होती. त्यांची नावे शिक्षकांना सुचली नव्हती आणि आईवडिलांना सुचवता आली नव्हती, इतकेच. पुढे मंदी आली, खर्चाला कात्री लागली, सगळ्यांची चाचणी बंद पडली आणि जुनी दरी पुन्हा तशीच उघडली.

'गुणवत्तेशी तडजोड नको' असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणापाशी जरा थांबावे. इथे तडजोड झालीच नाही. जाळे फक्त तळ्याच्या सगळ्या काठांवर टाकले गेले.

आता आपले तळे. जवाहर नवोदय विद्यालयांची कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. प्रयोग म्हणून पहिल्या दोन शाळा त्याच सुमाराला निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशात साडेसहाशेच्या घरात नवोदय आहेत. तमिळनाडूने हिंदीच्या प्रश्नावरून त्यांना दार उघडलेले नाही, बाकी बहुतेक जिल्ह्यांत एक तरी आहे. सहावीला एका शाळेत जास्तीत जास्त ८० मुले घेतात. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे मोफत. नववीपासून महिना ६०० रुपयांचा विकास निधी असतो, पण मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे यांना तोही नाही. खेड्यातल्या तल्लख मुलाला चांगल्या निवासी शाळेचे शिक्षण द्यायचे, हा मूळ हेतू. महाराष्ट्राला तो नवा नव्हता. १९६० च्या दशकात पुसेगाव, धुळे, अमरावती आणि तेव्हाचे औरंगाबाद अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने निघाली ती याच विचाराने, आणि तिथली निवड शिष्यवृत्ती परीक्षेवरून होत असे.

नवोदयच्या नियमांत विविधतेचा विचार पक्का बसवलेला आहे. किमान ७५ टक्के जागा जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या मुलांसाठी, किमान एकतृतीयांश मुलींसाठी. अनुसूचित जाती आणि जमातींना जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, पण राष्ट्रीय प्रमाणापेक्षा, म्हणजे १५ आणि साडेसात टक्क्यांपेक्षा, कमी नाहीत. इतर मागासवर्गीयांना केंद्राच्या यादीनुसार २७ टक्के. कागदावर याहून समंजस योजना क्वचितच सापडेल. पण या प्रत्येक नियमाला एकेक फट आहे. ती माहीत असलेला शहाणा पालक आपल्या मुलाला तिच्यातून आत घेतो आणि माहीत नसलेल्याचे मूल तिच्यातून बाहेर पडते.

सगळ्यात मोठी फट 'ग्रामीण' या शब्दात आहे. मूल कुठे राहते यावर ते ग्रामीण ठरत नाही, तिसरी, चौथी आणि पाचवीत कुठल्या शाळेत शिकले यावर ठरते. तिन्ही वर्षे, पूर्ण सत्रे, ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली हवीत. या तीन वर्षांत शहरी भागातल्या शाळेत एक दिवस जरी गेला तरी ते मूल शहरी धरले जाते. आता महाराष्ट्रातली परिस्थिती पाहा. वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल मोठ्या गावच्या हायस्कुलात जाते आणि ते मोठे गाव बहुधा तालुक्याचे असते. २०१४-१५ च्या सुमाराला अशा बऱ्याच तालुक्यांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. नगरपंचायत म्हणजे सरकारी अधिसूचनेने शहरी ठरलेला भाग. मूल डोंगरावरच्या वाडीतून पायपीट करून येते, त्याच्या घरी धड रस्ता नाही, पण पाचवीच्या पटावर नगरपंचायतीतल्या शाळेचे नाव लागले की अर्जात ते शहरी होते आणि उरलेल्या पाव जागांसाठी सगळ्या जिल्ह्याशी झुंजते.

म्हणून चौथी पास झालेल्या मुलाच्या पालकांनी दाखला काढण्याआधी एक प्रश्न विचारावा. पाचवीची शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे की नगरपंचायतीच्या? जवळच्या दुसऱ्या गावात, ग्रामपंचायतीच्या हद्दीत पाचवीचा वर्ग असेल तर वर्षभराचा थोडा त्रास सोसणे शहाणपणाचे. ही गोष्ट चौथीच्या शिक्षकांनी एप्रिलमध्येच पालकसभेत सांगायला हवी. जूनमध्ये दाखला निघाल्यावर सांगून काही उपयोग नाही.

याच नियमाची उलटी बाजूही सगळ्यांना ठाऊक आहे. शहरात राहणारे, शहरातल्या क्लासला जाणारे मूल नावापुरते खेड्यातल्या शाळेच्या पटावर असते, हजेरी कागदावर भरली जाते आणि ग्रामीण जागा ते घेऊन जाते. अशा हजेरीवर सही करणारा मुख्याध्यापक आपल्याच गावच्या मुलाची जागा विकतो, मग त्याने पैसे घेतलेले असोत वा नसोत. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. पाचवीच्या पटावरचे कुठले नाव वर्गात कधीच दिसत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार?

दुसरी फट कॅलेंडरची आहे, आणि ती बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्याला चांगलीच जाचते. अर्ज जून ते ऑगस्टच्या आसपास भरले जातात, तेव्हा ऊसतोड कामगारांची कुटुंबे गावातच असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते, म्हणजे तोडणीला जाणारी जोडपी, गाव सोडतात. परीक्षा येते नेमकी हंगामात. २०२५ च्या प्रवेशासाठी ती १८ जानेवारीला झाली, त्यापुढच्या प्रवेशासाठी १३ डिसेंबर २०२५ ला. त्या दिवशी मूल सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात वाढे बांधत असते. अर्ज भरलेला, प्रवेशपत्र निघालेले, परीक्षेचे बाक मात्र रिकामे.

त्यातच आणखी एक काटा आहे. मूल पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असायला हवे जिथल्या नवोदयसाठी अर्ज केला. कारखान्याजवळच्या शाळेने चांगल्या हेतूने मुलाचे नाव आपल्या पटावर घेतले तर पात्रताच धोक्यात येते. अशा कुटुंबांसाठी मार्ग एकच, पाचवीच्या वर्षी मुलाला मागे ठेवणे. आजी-आजोबा असतील तर उत्तम, नसतील तर हंगामी वसतिगृह. त्यासाठी गावच्या शाळेतून मुलांची यादी वेळेत पुढे जायला हवी आणि ती गुरुजींनी कोयते निघण्याआधीच करायला हवी. मुकादमाशी उचलीचा हिशेब ठरताना आईबापाच्या डोक्यात नवोदय नसणार. त्यांना त्याची आठवण करून देणारे कुणीतरी हवे.

अर्जातल्या भाषेच्या रकान्याकडेही लक्ष हवे. प्रश्नपत्रिका मूल निवडेल त्या भाषेत मिळते आणि मराठी त्यात आहे. तरी हौसेपोटी इंग्रजी निवडणारे पालक दिसतात. परीक्षेत भाषेच्या भागात चार उतारे आणि त्यांवर वीस प्रश्न असतात. गणिताचे शाब्दिक प्रश्नही त्याच भाषेत. मूल ज्या भाषेत गोष्टीचे पुस्तक हसत वाचते तीच भाषा तिथे निवडावी, प्रतिष्ठा घरी ठेवावी. भिल्ली, गोंडी, कोरकू, गोरमाटी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना मराठीही दुसरी भाषाच असते. त्यांच्या शिक्षकांनी उताऱ्यांचा सराव सगळ्यांत आधी सुरू करावा, गणित त्यामागून.

जातीच्या दाखल्याचा घोळ तर नेहमीचाच. नवोदय केंद्राची शाळा आहे, त्यामुळे इतर मागासवर्गासाठी केंद्राची यादी चालते. महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांना राज्याच्या दाखल्यावर वेगळा प्रवर्ग मिळतो, तो इथे चालत नाही. त्यांच्यातल्या ज्या जाती केंद्राच्या यादीत आहेत त्यांनी केंद्राच्या नमुन्यातला इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा असतो. ज्यांची जात केंद्राच्या यादीत नाही त्यांनी अर्जात खुला प्रवर्ग भरावा. चुकीचा प्रवर्ग भरून निवड झाली आणि पडताळणीत दाखला टिकला नाही, तर त्या पोराच्या तोंडचा घास जातो. दाखल्याला महिने लागतात. महा ई-सेवा केंद्रात जाण्याचा मुहूर्त निकालानंतरचा नसावा, अर्जाआधीचा असावा.

आणि ही संधी एकदाच. पाचवीत पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलालाच बसता येते. दुसऱ्या वर्षी पुन्हा नाही, पाचवीतच मागे राहून तर नाहीच. पुढे नववीत आणि अकरावीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, पण तिथल्या जागा मोजक्या. वयाच्या अटीच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर विसंबू नये.

परीक्षेबद्दल आता थोडे. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे ५० गुण. अंकगणिताचे २० प्रश्न आणि भाषेचे २०, प्रत्येकी २५ गुणांचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. दिव्यांग मुलांना ४० मिनिटे जास्तीची मिळतात. ही सवलत मागावी लागते आणि बरेच पालक मागतच नाहीत. अल्पदृष्टी, बोटांतला दोष, अध्ययन अक्षमता अशा गोष्टी 'पोरगं जरा हळू आहे' म्हणून दडपल्या जातात. प्रमाणपत्र असेल तर ते अर्जातच दाखवावे.

मानसिक क्षमतेच्या भागात शब्द जवळपास नाहीतच, फक्त आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, अपुरी आकृती पुरी करा, आरशातली प्रतिमा शोधा, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून उलगडला तर कसा दिसेल ते सांगा. शब्द नाहीत म्हणून ही परीक्षा सगळ्यांना सारखी, असे मानण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. असे प्रश्न पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये पाहणारे मूल आणि वर्षभर रोज वीस सोडवलेले मूल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. क्लासवाले जो पैसा घेतात तो या ओळखीचाच. बुद्धी ते काही विकत नाहीत.

ही ओळख शाळेत फुकट करून देता येते. आरसा प्रत्येक घरात असतो. त्यापुढे अक्षरे, घड्याळ, आकृत्या धरायच्या आणि काय उलटते, काय तसेच राहते ते मुलांनीच सांगायचे. रद्दी कागदाच्या घड्या घालून पंचिंग मशीनने, नसेल तर काडीने भोके पाडायची, उलगडण्याआधी वहीत अंदाज काढायचा, मग उलगडून पाहायचे. पतंग आणि होड्या करणारी मुले यात शहरातल्यांना हार जाणार नाहीत. ठिपक्यांची रांगोळी घालणारी, आजीच्या गोधडीचे चौकोन जुळवणारी मुलगी आकृती पुरी करण्याच्या प्रश्नात कुणाला ऐकणार नाही. फक्त हे तिला कुणीतरी दाखवून द्यावे लागते की जे ती अंगणात करते तेच हे. रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटे, सगळ्या वर्गाला, पाचवीत नव्हे तर चौथीच्या दुसऱ्या सत्रापासून. निवडक चौघांना सुट्टीत थांबवून नव्हे. सगळ्या वर्गाला शिकवले की कोण चमकते हे पाहून कैक वेळा गुरुजीच चाट पडतात.

उत्तरपत्रिका ओएमआरची असते आणि गोल भरणे हीदेखील शिकायची गोष्ट आहे. निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने, पूर्ण भरलेला, खाडाखोड नसलेला एकच गोल. ज्या मुलाने आयुष्यात फक्त पेन्सिल वापरली त्याचा हात परीक्षेत थरथरतो. एका कागदावर गोल काढून त्याच्या झेरॉक्सवर चार-पाच वेळा सराव करून घेतला तरी पुरते. याला दहा-वीस रुपये लागतात. ग्रामपंचायतीने द्यावेत.

मुलींचे अर्ज कमी का येतात, याचे उत्तर गावात कुणालाही विचारले तरी एकच मिळते: "पोरीला लांब कशाला धाडायचं?" अकरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवायची भीती खोटी नाही, तिची चेष्टा करू नये. पण ती कमी करता येते. जिल्ह्याच्या नवोदयमध्ये शिकणाऱ्या जवळपासच्या गावच्या मुलीला सुट्टीत शाळेत बोलवावे आणि तिने आयांशी बोलावे. पालकांनी शाळा एकदा प्रत्यक्ष पाहावी, मुलींचे वेगळे वसतिगृह, तिथल्या मॅडम, भेटीचे दिवस यांची चौकशी करावी. एक गोष्ट आधीच सांगून टाकावी, कारण नंतर कळली की घरात वाद होतो: नववीत काही मुलांना एका वर्षासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात आणि तिकडची मुले इकडे येतात. ही योजना मुळातूनच आहे. ज्यांना ती पटत नाही त्यांनी नकार द्यावा, पण नकार माहितीवर आधारलेला असावा. आणि नकार देण्याआधी परीक्षा तरी देऊ द्यावी. निवड झालेली मुलगी घरात स्वतःची बाजू मांडू शकते, अर्जच न भरलेली मांडू शकत नाही.

शहरातल्या मराठी पालकांना हे सगळे वाचून थोडे डाचेल. आमच्या मुलाने मेहनत केली, मग ७५ टक्के जागा आधीच राखीव कशा? हाच सवाल अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत भारतीय आणि इतर आशियाई पालकांनी न्यायालयात नेला. तिथली थॉमस जेफरसन ही विज्ञानाची सरकारी शाळा देशभर गाजलेली. २०२० मध्ये तिने प्रवेशपरीक्षा आणि १०० डॉलर फी रद्द केली आणि काउंटीतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आठवीतल्या दीड टक्का मुलांना जागा ठरवून दिल्या. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचा वाटा ७३ टक्क्यांवरून ५४ वर आला आणि गरीब घरांतल्या मुलांचा एक टक्क्याच्या आसपासवरून २५ टक्क्यांवर गेला. पालकांची संघटना खालच्या न्यायालयात जिंकली, अपील न्यायालयात हरली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. परीक्षाच काढून टाकावी, हे काही पटत नाही. परीक्षेमुळेच कित्येक गरीब मुलांना शिक्षकाच्या मर्जीपलीकडे जाता येते, ब्रॉवर्डने तेच दाखवले. पण दर शाळेतून काही मुले येणारच, ही तरतूद समंजस आहे. ज्या शाळेतून वर्षानुवर्षे कुणी गेले नाही तिथल्या मुलांना आपणही जाऊ शकतो हे मुळात सुचत नाही. एक जण गेला की दुसऱ्या वर्षी पाच जण अर्ज मागायला येतात.

नवोदयच्या निकालानंतर बहुतेक घरांत नाव नसणार, हे जागांचे साधे गणित आहे. ८० जागा, जिल्हा केवढा! त्या मुलांसाठी पुढची पायरी आठवीतली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, सगळे जिला एनएमएमएस म्हणतात ती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित. नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. आकृत्यांचा जो सराव नवोदयसाठी झाला तोच इथल्या बौद्धिक क्षमता चाचणीत कामी येतो. इथेही रोग तोच, शाळा अर्ज भरताना निवड करून बसते. शाळेचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून 'कच्च्या' मुलांना बसूच न देणारे मुख्याध्यापक आहेत. पालकांनी त्यांना ठाम विचारावे, की माझ्या मुलाच्या नापास होण्याने शाळेचे काय बिघडते?

आता शाळा व्यवस्थापन समित्यांसाठी एक काम, एका कागदाचे. अर्जाची मुदत संपायच्या आठ दिवस आधी बैठक लावा. पाचवीचा पट समोर ठेवा आणि प्रत्येक नावापुढे अर्ज भरला की नाही ते लिहा. जिथे भरला नाही तिथे कारण लिहा: दाखला नाही, आई नको म्हणते, हंगामाला जाणार, गुरुजींना वाटले जमणार नाही. शेवटचे कारण ज्या ज्या नावापुढे येईल त्या मुलाचा अर्ज त्याच दिवशी, बैठक संपायच्या आत, भरून घ्या.